उभ्या गाड्यांचा पट

नागपुरात जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरते तेव्हा खरा कार्यक्रम गाड्या रांगेत लागल्यावर सुरू होतो. बघे फोटो काढत फिरतात आणि मालक मंडळी सावलीत खुर्च्या ओढून भांडायला बसतात. एकाचे म्हणणे, गाडी पळाली पाहिजे. पळवायची नसेल तर दिवाणखान्यात नेऊन ठेवा. दुसरा विचारतो, लाखो रुपये ओतून उभी केलेली गाडी वर्धा रोडच्या गर्दीत घालू आणि एखाद्या ऑटोने मडगार्ड खरवडले तर तुम्ही भरून देणार का? तिसऱ्याला रंगाचा राग आहे. मूळ रंग उडाला असला तरी तोच ठेवावा, नवा रंग मारला की गाडीचे आयुष्यच पुसून जाते, असे तो तावातावाने सांगतो. एक वयस्क वकीलसाहेब आहेत. त्यांची काळजी वेगळी. आपण गेल्यावर पोरे या गाड्या भंगारात घालतील, तेव्हा आताच सरकारकडे संग्रहालय मागा, हे त्यांचे पालुपद.

मी या मंडळींचा मिस्त्री. पान्यांची पिशवी घेऊन गाडीच्या आडोशाला बसलेला असतो. एखादी गाडी रुसली की मला हाक येते, एरवी हे भांडण फुकट ऐकायला मिळते. माझे मत सहसा कोणी विचारत नाही. मागच्या खेपेला एकाने विचारले, "मिस्त्री, तुमाले काय वाटते जी?" तोवर चहा संपला होता, आणि माझे उत्तर लांबचे होते.

माझे दुकान सडक अर्जुनीला, कोहमाऱ्याच्या बाजूला. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन. मोरगावजवळची ती रेल्वेची, आमची सडकेची. ही सडक म्हणजे नागपूरहून रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड. इंग्रज गेले तरी आमच्या तोंडी तो जी. ई. रोडच राहिला. कागदावर तो आधी राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता ५३ आहे. साकोली मागे पडली की सौंदड, मग आम्ही, मग मासुलकशाचा घाट, देवरी, आणि त्यापुढे छत्तीसगड. हजिऱ्याहून कोलकात्याला निघालेला ट्रक माझ्या दारावरून जातो, आणि त्याचे काही बिघडायचे असेल तर ते घाटाच्या अलीकडे-पलीकडेच बिघडते. माझा धंदा त्यावर चालला.

या रस्त्याला मोटारी तशा उशिरा दिसल्या. धान बैलांच्या खाचरांतून जायचे. माझे आजोबा सांगत ते युद्धाच्या काळातल्या कोळशाच्या मोटारींचे. पेट्रोलवर रेशन आले तेव्हा देशभर बसगाड्यांना मागून भट्ट्या जोडल्या गेल्या. लाकडी कोळसा हवा बेताची देऊन जाळायचा आणि निघालेला वायू इंजिनात सोडायचा, अशी ती युक्ती. झाडीपट्टीत कोळशाला तोटा नव्हता, पण त्या वायूत पेट्रोलचा दम कुठला? चढ आला की प्रवाशांनी उतरून ढकलायचे, आणि तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण. आज असली एखादी भट्टीवाली मोटार कोणी प्रदर्शनात आणली तर मी स्वतः तिकीट काढून बघायला जाईन. पण तसली गाडी कोणी राखून ठेवली नाही. राखल्या गेल्या त्या राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या.

युद्ध संपल्यावर आली जीप. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या होत्या. त्यातल्या हिंदुस्थानात राहिलेल्या लष्कराने विकायला काढल्या. 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द आमच्या धंद्यात तेव्हापासूनचा. पुढे, १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या महिंद्रांच्या कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. जंगलाच्या मुलखाला हे वाहन जसे मापून शिवलेले होते. वनखाते, तेंदूपत्त्याचे ठेकेदार, धान गिरणीवाले, पुढारी, सगळ्यांना जीपच हवी. नवेगावबांधचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. मारुती चितमपल्लींनी तिथल्या दिवसांवर जे लिहिले ते महाराष्ट्राने वाचले. ते अरण्य, तो तलाव, ते पक्षी साऱ्यांना पाठ आहेत. असल्या जंगलात खात्याची जीप चालू ठेवणारा माणूस कोण होता, हे मात्र कुठल्या पुस्तकात यायचे नाही. ते आम्हीच सांगायचे.

माझे उस्ताद जबलपूरच्या लष्करी वर्कशॉपात शिकून आलेले. टॅपेटचा आवाज ऐकायला त्यांना यंत्र लागत नसे. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवायचे, मुठीचा भाग कानाला लावायचा, आणि "तिसऱ्याचा टॅपेट ढिला आहे" म्हणून मोकळे व्हायचे. पॉइंटचा गॅप जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याने मापत. हँडल मारताना अंगठा मुठीच्या बाहेर ठेवायचा, हा त्यांचा पहिला धडा. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. आता स्वतःच्या गाडीला हँडल मारून दाखवणारा मालक प्रदर्शनात दिसला की माझी नजर आधी त्याच्या अंगठ्याकडे जाते.

आता एका विशिष्ट जीपबद्दल सांगतो. आमच्याकडच्या एका गिरणीवाल्यांची, सीजे-३बी, उंच बोनेटची. तिच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व वरच्या डोक्यात आहेत, म्हणून इंजिन उंच झाले आणि त्यावर बोनेटही उंच आले. साठच्या दशकात घेतलेली. तिने धानाची पोती वाहिली, मतपेट्या पोहोचवल्या, अडलेल्या बाया साकोलीच्या दवाखान्यात नेल्या. १९७३ नंतर जगभर तेल भडकले, पेट्रोलची जीप पोसणे गिरणीवाल्यालाही जड झाले, तेव्हा आमच्या उस्तादांनी तिचे पेट्रोल इंजिन काढून ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवले. हे काम सांगायला सोपे. नवे इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे वाढवावे लागले. माउंटिंग नव्याने वेल्ड केले. गिअरबॉक्सशी जोडायला मधली प्लेट कुठे तयार मिळत नव्हती, ती नागपूरला लेथवर करून आणली. डिझेल इंजिनाचे फेरे कमी, त्यामुळे गाडीचा वेग घटला, पण चिखलात ती पहिल्यापेक्षा जास्त ओढू लागली. आरसी बुकात बदलाची नोंद झाली. या रस्त्यावरच्या किती जीपगाड्यांची अशी इंजिने बदलली गेली असतील, त्याला गणती नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातला खेड्यापाड्यातला मोटारीचा इतिहास म्हणजे हेच वेल्डिंग.

आणि हाच इतिहास आता गाडीच्या आड येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' धरायची. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतर नूतनीकरणाला ५,०००. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. इथवर कोणाची तक्रार नाही. उलट वकीलसाहेबांनी त्या दिवशी पेढे वाटले होते. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. शिवाय ती रस्त्यावर काढायची ती प्रदर्शनासाठी, फेरीसाठी, अभ्यासासाठी, किंवा पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. रोजच्या वापराला नाही, धंद्याला तर नाहीच.

म्हणजे जी गाडी पन्नास वर्षे कापडाखाली झोपली ती वारसा ठरली. जी पन्नास वर्षे राबली, आणि राबता यावे म्हणून बदलली, तिला साध्या वाहनाचे नियम. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यावर राज्याचा हरित कर. चारचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये १०,०००. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. 'मूळ' हा शब्द त्यांनी प्रदर्शनवाल्यांकडून उचलला, आणि प्रदर्शनवाल्यांनी तो परदेशातून.

आपल्याकडे या प्रदर्शनांची परंपरा तशी अलीकडची. 'स्टेट्समन'ने दिल्लीत १९६४ साली फेरी सुरू केली, ती सर्वात नावाजलेली. संस्थाने विलीन झाली, पुढे तनखे गेले, तबेल्यातल्या रोल्स आणि ब्यूक कवडीमोलाने बाहेर पडल्या. त्यातल्या पुष्कळ परदेशी गेल्या असत्या. काही माणसांनी त्या अडवल्या. मुंबईचे प्राणलाल भोगीलाल हे त्यातले मोठे नाव. अहमदाबादजवळ दस्तानला त्यांनी केलेला संग्रह अजून बघायला मिळतो. मुंबईत हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्या लागू लागल्या. २००८ साली कार्तिए या फ्रेंच जवाहिऱ्यांनी मुंबईत परीक्षक आणून, गुण देऊन स्पर्धा भरवली. या लोकांचे ऋण मी मानतो. त्यांनी गाड्या विकत घेतल्या नसत्या तर आज भांडायलाही काही उरले नसते. पण गुण द्यायची ती पद्धत अमेरिकेतल्या पेबल बीचवरून आलेली. तिथे १९५० पासून गोल्फच्या हिरवळीवर गाड्या उभ्या करतात. हिरवळीवर उभी करायची गाडी आणि जी. ई. रोडवरची गाडी यांना एकच फूटपट्टी लावली की माझ्यासारख्याचे डोके फिरते.

विलायतेतच दुसरीही रीत आहे, ती आमच्या लोकांना सांगितली पाहिजे. लंडन ते ब्रायटन. १८९६ साली तिथे मोटारींवरचे जाचक निर्बंध उठले, त्या आनंदात लोक गाड्या घेऊन समुद्राकडे निघाले होते. त्याची आठवण म्हणून १९२७ पासून दर नोव्हेंबरात फेरी निघते, आणि तीत १९०५ पूर्वीच्याच गाड्या घेतात. थंडी, पाऊस, चिखल. निम्म्या रस्त्यात कोणाची साखळी तुटते, कोणी ढकलत नेतो, आणि लोक दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजवतात. तिथे पोहोचणे हेच बक्षीस. इतक्या दूर जायलाही नको. कोल्हापूरला दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक निघते आणि दसरा चौकात येते. ती पाहायला गर्दी लोटते, पण तिला 'कार शो' कोणी म्हणत नाही. गाडी सणात शिरली आहे. ती बंद पडली तर कोल्हापूरकरांनाच चैन पडणार नाही.

मुंबईचे उदाहरण उलटे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी निघाली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, वीस वर्षांची मर्यादा भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात बेस्टची जुनी डबलडेकरही गेली. तेव्हा टॅक्सीवाल्यांच्या संघटनेला एक तरी पद्मिनी जपून ठेवा अशी मागणी करावी लागली. ज्या गाडीत अख्खी मुंबई बसली, तिची एक प्रत ठेवायला अर्ज करायचा! कुठल्या महाराजांच्या रोल्ससाठी असा अर्ज लागला होता का?

आता आमच्याकडच्या प्रदर्शनाचे सांगतो, म्हणजे शंकरपटाचे. नागपूरच्या मंडळींना हे जोडणे पटत नाही, पण मला दुसरे काही सुचत नाही. पट म्हणजे आमच्या झाडीचा वाहनमेळाच. बैलजोडी, हलकी छकडी आणि तिच्यावर जीव मुठीत धरून बसलेला धुरकरी. लाखनीचा पट असो की अमरावतीकडे तळेगाव दशासरचा, माणूस तिथे उभा बैल बघायला जात नाही. जोडी देखणी आहे हे पळण्याआधी कोणी बोलत नाही. मालकाचे नाव पुकारतात, तसे धुरकऱ्याचेही लोकांच्या तोंडी असते. आणि पट संपला म्हणून लोक घरी जात नाहीत. रात्री नाटक असते, वडशाची मंडळी येते, पाहुणे मुक्कामाला थांबतात, पोरीबाळी माहेरी येतात. नागपूरचे मोटार प्रदर्शन संध्याकाळी आवरले की मैदानावर पाण्याच्या बाटल्या उरतात.

पट बंद पडला तेव्हा काय झाले, ते आम्ही पाहिले आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. बैलांच्या छळाचे आक्षेप खोटे नव्हते, ते मी नाकारत नाही. शेपटी पिरगाळणे, टोचणे हे मीही पाहिले आहे. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात बदल केला, तो उच्च न्यायालयात अडला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. मधल्या वर्षांत बैल काही मेले नाहीत. पण पटाच्या जोडीचे मोल उतरले. ती राखणाऱ्याला लोक वेडा म्हणू लागले. छकडी घडवणाऱ्या सुताराने दारे-खिडक्यांची कामे धरली. बंदी उठल्यावर बैल लगेच मिळाले. धुरकरी आणि सुतार शोधावे लागले. मोटारींचे भवितव्य काय, असे खुर्च्यांवर बसून विचारणाऱ्यांना माझे उत्तर यातच आहे. धातू टिकतो. कापड घातले, डांबरगोळ्या ठेवल्या, तर गाडी शंभर वर्षेही उभी राहील. पण कार्ब्युरेटर उघडून बसवणारा हात रोज उघडझाक केल्याशिवाय राहत नाही. आयटीआयमधून माझ्याकडे येणारी पोरे हुशार आहेत, लॅपटॉप जोडून गाडीची चूक वाचतात. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून दाखवले की विचारतात, "हे काय होय जी काका?" त्यांचा काय दोष? त्यांच्या दारात अशी गाडी येतच नाही.

पेट्रोलचेच बघा. २००० साली शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले, चांगलेच झाले, पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व सीट झिजू लागल्या आणि त्या बदलून कडक धातूच्या बसवाव्या लागल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. त्याने जुने रबर फुगते, पंपाचा पडदा जातो, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकीत पाणी धरते. प्रदर्शनातल्या गाड्या वर्षातून दोनदा चालू होतात, म्हणून त्या जास्त आजारी. रोज चालणाऱ्या गाडीतले पेट्रोल शिळे होत नाही. यावर खुर्च्यांवर चर्चा होत नाही, कारण पडदा बदलतो तो मी. आणि व्हॉल्व सीट बदलली, तर 'मूळ स्वरूप' राहिले की गेले? परीक्षक बोनेटखाली तेवढे वाकत नाहीत हे आमचे नशीब.

दोन वर्षांपूर्वी त्या गिरणीवाल्यांचा नातू माझ्याकडे आला. पुण्याला शिकलेला, जिपेवर जीव असलेला. त्याला ती नागपूरच्या प्रदर्शनात न्यायची आहे, पुढे व्हिंटेज नोंदणीही करायची आहे. पेट्रोलचे जुने हरिकेन इंजिन एका विक्रेत्याकडे आहे म्हणाला. ट्रॅक्टरचे इंजिन काढायचे, पाटे कमी करायचे, माउंटिंग कापायचे, सगळे होते तसे करायचे. "काका, खर्चाचा अंदाज द्या." मी म्हटले, देतो. गिअरबॉक्सची मधली प्लेट निघेल, वायरिंग पुन्हा ओढावी लागेल, वॉटरपंप कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळाला तर मिळाला. सगळे कागदावर लिहून दिले आणि खाली एक अट घातली. ट्रॅक्टरचे इंजिन भंगारात जाणार नाही. ते लोखंडी घोडीवर चढवून प्रदर्शनात जिपेशेजारी ठेवायचे, आणि पाटीवर ते कोणी, कधी आणि कशासाठी बसवले ते लिहायचे. उस्तादांचे नाव मी लिहून देईन.

त्याने नागपूरला विचारून पाहिले. तिथल्या अर्जात मालकाचे नाव, कंपनी, मॉडेल आणि साल एवढेच रकाने आहेत, सुट्या इंजिनासाठी जागा नाही, असे उत्तर आले. वकीलसाहेब मात्र म्हणाले की येत्या बैठकीत विषय काढतो, आणि जमले तर पुढची फेरी नवेगावबांधपर्यंत आणू. आणा म्हटले. येताना रस्ता सपाट आहे, पण हौसेने देवरीपर्यंत जायचे म्हणाल तर घाट आहे, आणि सिंगल सर्किटच्या ब्रेकवर उतरताना गिअर सोडायचा नसतो, हे मालकांना आधी शिकवावे लागेल. नातू अजून विचार करतो आहे. मी तोवर जिपेच्या ब्रेकचे रबर मागवून ठेवले आहे, इंजिन कोणतेही राहिले तरी ते लागणारच.